झाकण कुणी उघडलं

मानसशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक खिडकीला काळा, जाड पडदा होता. त्या पडद्यांच्या दोऱ्या वर्षानुवर्षं एकमेकींत अशा काही अडकून बसल्या होत्या की एक ओढावी तर भलताच पडदा उघडायचा. नेमकी दोरी धरायची ती मावशींनीच. म्हणून आधी त्यांचं नाव पडलं पडदेवाल्या मावशी, आणि पुढं पडदा गळून नुसत्या मावशी राहिल्या.

हुद्द्यानं त्या प्रयोगशाळेच्या शिपाई. सकाळी येऊन प्लायवूडच्या आडोशांवरची धूळ झटकायची, शब्दांच्या कार्डांचे गठ्ठे पिसून ठेवायचे, घड्याळं चालतात का बघायचं. मग पोरं आली की एकेकाला आडोशाआड बसवायचं आणि एकाच सुरात म्हणायचं, ‘‘शेजारी बघायचं नाही, बोटं मोजायची नाहीत, आठवेल तेवढंच लिहायचं.’’ पोरं त्यांची नक्कल करायची. मावशी ती नक्कल ऐकायच्या आणि म्हणायच्या, ‘‘आवाज बरा काढतोस रे, पण कार्ड उलटं धरलंयस.’’

सर दरवर्षी फळ्यावर तेच तीन चौकोन काढायचे. मावशी दाराशी स्टूल टाकून ऐकायच्या, कारण तास संपल्यावर फळा त्यांनाच पुसायचा असे. पहिल्या चौकोनात डोळ्यांवर-कानांवर आलेलं सगळं येतं आणि निमिषात विरून जातं. ज्याच्याकडे लक्ष दिलं ते दुसऱ्यात शिरतं, पण तिथं जागा अगदी थोडी, नवं आलं की जुनं बाहेर. आणि जे घोकलं, मनाला भिडलं, ते तिसऱ्यात जाऊन बसतं, ते जन्मभराचं. मावशींनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. पहिला चौकोन म्हणजे उंबरा, दुसरा बैठकीची खोली, तिसरा माळा. एकदा माळ्यावर चढवलेली वस्तू आपणहून खाली उतरत नाही.

मग विभागात नवी मॅडम आली. वय कोवळं, चष्मा मोठा, चालणं भरभर. तिनं पहिल्याच महिन्यात सरांच्या चौकोनांना हात घातला.

‘‘सर, डोकं म्हणजे गोदाम नाही हो. स्वयंपाकघर आहे. आठवण तिथं ठेवलेली नसतेच. दर वेळी नव्यानं शिजवायला लागते. आणि त्या वेळी हाताशी जे असेल ते तीत पडतं. कुणी सांगितलेलं, कुठं पाहिलेलं, सगळं.’’

‘‘असं का?’’ सर म्हणाले. ‘‘मग पोरांनी परीक्षेत काय शिजवायचं?’’

‘‘शिजवतातच की. पेपर तपासता ना तुम्ही?’’

मावशींना हसू आलं, पण मनातून त्या सरांच्या बाजूच्या होत्या. कारण त्यांच्या माळ्यावर एक आठवण होती, आणि ती कधी शिजवावी लागली नव्हती. डोळे मिटायचा अवकाश, अख्खीच्या अख्खी समोर यायची.

त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं, सुतारकामाचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. लांब फळ्या जिन्यावर वळत नसत, म्हणून मधल्या खोलीच्या जमिनीत चौकोनी भोक पाडून त्यावर लाकडी झाकण बसवलेलं होतं. फळ्या खालून वर घ्यायच्या आणि वाळायला टाकायच्या. झाकणाला लोखंडी कडी होती. मावशी तेव्हा चार वर्षांच्या. त्यांना अजून दिसायचं: आपण एका हातानं ती कडी धरलीय, कडी गारढोण, झाकण वर येतंय, खालून सरसाचा वास आणि भुश्शानं भरलेला उजेड उसळतोय. मग कुणीतरी हाक मारतं, आपण तसंच उघडं टाकून पळतो. आणि मागून लाल फ्रॉकमधली धाकटी बहीण, नुकती चालायला लागलेली, दुडूदुडू येते.

धाकटी वाचली. कमरेचं हाड मात्र वेडंवाकडं जुळलं, एक पाय आखूड राहिला.

कुणी मावशींना मारलं नाही, कधी रागावलं नाही. आई फक्त सांगायची. शेजारणीला सांगायची, पाहुण्यांना सांगायची, दवाखान्यात नवा डॉक्टर आला की त्यालाही. मावशींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ‘‘अहो, लेकरू ते! त्याला काय कळतंय! खेळता खेळता उघडं टाकलं झालं.’’ आणि ऐकणारा माणूस एकदा धाकटीच्या पायाकडे बघायचा, एकदा मावशींकडे. त्या बघण्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं, असं मावशींना वाटायचं.

पुढं आयुष्याची वाट त्या कडीपासूनच निघाली. थोरला भाऊ, दादा, शिकला, परगावी गेला, घर केलं, बायको-मुलं झाली. धाकटीचं कुणी करायचं हा प्रश्न कधी कुणी बोलून दाखवलाच नाही. तो सुटलेलाच होता. कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं बांधायला येणारा एक माणूस होता, शांत, बोटांना कायम खळीचा वास. त्यानं एकदा विचारलं. मावशींनी विचार करायला म्हणून एक रात्रही घेतली नाही. ‘‘माझ्या मागं बहीण आहे,’’ म्हणाल्या. तो म्हणाला, ‘‘असू दे की, तिलाही घेऊ.’’ मावशी म्हणाल्या, ‘‘ते माझं मला करायचंय. तुमच्या गळ्यात कशाला?’’ तो पुढं वर्षभर पुस्तकं बांधायला येत राहिला, मग यायचा थांबला.

आता दोघी बहिणी दोन खोल्यांत राहायच्या. धाकटी घरी बसून कपड्यांची काजं-बटणं करायची. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. मावशींच्या हातून डबा उघडा राहिला, नळ वाहता राहिला, की कामातून मान वर न करता ती म्हणायची, ‘‘झाकण लाव गं, ताई.’’ ती घरातली जुनी थट्टा होती. मावशी हसायच्या आणि झाकण लावायच्या.

तर त्या वर्षी मॅडमनं नवा प्रयोग काढला. माणसाला बालपणातलं कितपत आठवतं, असं वरवरचं नाव. आधी विभागातल्याच एक-दोन माणसांवर चालवून बघायचं होतं.

‘‘मावशी, बसाल का तुम्ही? पोरांना बालपण विचारून काय करू, त्यांचं अजून संपलेलं नाहीये.’’

‘‘बसते की. इतकी वर्षं लोकांना बसवतेय, एकदा मीही बसून बघते. पण कार्डं पाठ आहेत बरं का मला.’’

‘‘कार्डं नाहीत यात. फक्त तुमच्या घरातलं कुणी मोठं माणूस हवं. मला फोनवर बोलायचंय.’’

मोठं माणूस म्हणजे दादा. मावशींनी नंबर दिला. दादा फोनवर काय बोलला ते त्यांना कळायचं नव्हतं, तो नियमच होता.

पहिल्या बैठकीला मॅडमनं त्यांना आडोशाआड बसवलं. पडदे मावशींनी स्वतःच ओढून घेतले होते, सवयीनं. मॅडम म्हणाली, ‘‘तुमच्या लहानपणच्या चार गोष्टी सांगते. प्रत्येकीबद्दल आठवेल ते बोला. नाही आठवलं तर नाही म्हणा. पुढच्या वेळी परत विचारेन, मधे जे आठवेल ते डोक्यात राहू द्या.’’

एक गोष्ट बदकाची. तळ्याकाठी बदक मागं लागलं आणि पोटरीला चावलं. मावशी खळखळून हसल्या. ‘‘हो तर! चावलं म्हणजे! मेल्यानं सोडेचना.’’

दुसरी, वडिलांच्या कात्रीनं स्वतःचे केस कापल्याची. तीही आठवली, पुसट.

तिसरी, बाजारात हरवल्याची. गर्दीत आईचा हात सुटला आणि एका भांडीवाल्यानं दुकानात बसवून ठेवलं. मावशी विचारात पडल्या. ‘‘नाही बाई. हे काही आठवत नाही. असेलही.’’

‘‘आणि चौथी,’’ मॅडम म्हणाली, ‘‘तुमची धाकटी बहीण जमिनीतल्या झाकणातून खाली पडली, तो दिवस. तुम्ही त्या वेळी घरी नव्हता. दोन दिवस आत्याकडे राहायला गेला होता. संध्याकाळी तुम्हाला परत आणलं, तेव्हा घरात गर्दी होती.’’

या इमारतीत मावशींनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि मग त्यांना उलगडलं, किंवा उलगडलं असं वाटलं. दादानं आपली चूक झाकली होती. परक्या बाईपुढं बहिणीची लाज जाऊ नये म्हणून त्यानं तिला खुशाल आत्याच्या घरी पाठवून दिलं होतं!

‘‘याबद्दल नको, मॅडम,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नको तर नको.’’

त्या दिवशी घरी जाताना मावशी पायी गेल्या. डोळे सारखे भरून येत होते. दादा वर्षाकाठी एकदा उभ्याउभ्या येणारा, फोनवर ‘‘बरं आहे ना सगळं?’’ म्हणून ‘‘नाही’’ ऐकायच्या आत ठेवणारा. त्याच्या पोटात इतकी माया असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी धाकटीला सांगितलंसुद्धा, ‘‘दादाला आपण उगीच कोरडा म्हणतो गं.’’

धाकटी सुईत दोरा ओवत होती. ‘‘का? काय पाठवतोय?’’

‘‘काही नाही. सहज म्हटलं.’’

दुसऱ्या बैठकीपर्यंत एक गंमत झाली. बाजार आठवायला लागला. एका सकाळी चहाचं पातेलं घासताना त्याच्या बुडात स्वतःचा चेहरा लांबोडका दिसला, आणि मावशींना एकदम वाटलं, असंच! त्या दुकानातही असंच दिसत होतं. मग उरलेलं आपोआप येत गेलं. वर टांगलेली भांडी, एकमेकांवर आपटणारी. भांडीवाल्याला सर्दी झालेली होती, तो सारखा नाक ओढायचा. त्यानं हातात एक चमचा दिला, वाजव म्हणाला. मावशी सांगत होत्या आणि मॅडम खाली मान घालून लिहून घेत होती.

‘‘आणि आई आली तेव्हा?’’

‘‘आईनं आधी मला धपाटा घातला आणि मग मुका घेतला,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘बघा, माळ्यावर होतं सगळं. नुसता दिवा न्यायचा अवकाश. सरांना सांगा.’’

आत्याच्या गोष्टीवर या खेपेलाही त्यांनी हात हलवला. ‘‘ते राहू द्या.’’

तिसऱ्या बैठकीला मॅडमनं पेन खाली ठेवलं. पडदेही उघडे होते.

‘‘मावशी, आता खरं सांगते. या चारांतल्या तीन गोष्टी तुमच्या भावानं सांगितलेल्या, घडलेल्या आहेत. एक मी रचलेली आहे. कित्येकांना ती ओळखता येत नाही. तुम्ही सांगा, खोटी कुठली?’’

मावशी हसल्या. त्यात थोडी मिजास होती. इतकी वर्षं पडद्यामागचं पाहिलेल्या बाईला फसवायला निघाली होती ही पोरगी.

‘‘अहो, त्यात काय सांगायचं! आत्याची. मी नव्हते आत्याकडे. घरीच होते. ते झाकण मीच उघडं टाकलं होतं, मॅडम. दादा मला वाचवायला असं बोलला. पण तुमच्या कामात खोटं नको, म्हणून सांगते.’’

एवढं वाक्य बोलायला त्यांना उभा जन्म लागला होता. बोलून झाल्यावर छाती हलकी झाली.

मॅडमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मावशींना आधी दयेसारखं वाटलं.

‘‘मावशी... खोटी बाजाराची होती.’’

‘‘कुठली?’’

‘‘भांडीवाल्याची. ती मी रचली. सगळ्यांना तीच सांगणार आहे, नुसतं दुकान बदलून.’’

‘‘अहो, त्याला सर्दी होती,’’ मावशी म्हणाल्या.

मॅडमनं त्यांच्या हातावर हात ठेवला. खिडकीबाहेर पोरं कशावरून तरी हसत होती.

‘‘आणि झाकणाचं?’’ मावशींनी विचारलं. ‘‘दादा काय म्हणाला? शब्दन् शब्द सांगा.’’

‘‘मला ते सांगायची परवानगी—’’

‘‘परवानगी गेली चुलीत. सांगा.’’

मॅडमनं चष्मा काढला. ‘‘म्हणाले, झाकण मी उघडलं होतं. दोरीला बादली बांधून खाली सोडायचा खेळ चालला होता. मित्रानं हाक मारली म्हणून तसंच टाकून गेलो. मोठीला काही माहीतच नाही, ती आत्याकडे होती. एवढंच म्हणाले. मीच त्यांना बजावलं होतं की खरंच सांगा, नाहीतर प्रयोग वाया जाईल. तुम्हाला यातलं काही... मला वाटलं, तुम्हाला नुसतं आठवत नाहीये. चुकलंच माझं. दोनदा नको म्हणालात, तेव्हाच थांबायला हवं होतं.’’

मावशी उठल्या. सवयीनं पडद्याच्या दोरीला हात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा भलतीच दोरी ओढली.

‘‘पण मला दिसतंय,’’ त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. ‘‘आत्ता, या क्षणी दिसतंय. कडी गार आहे. हाताला लागतेय.’’

‘‘दिसत राहील, मावशी. खोटं आहे हे कळलं तरी चित्र जात नाही. विश्वास उडतो, चित्र तिथंच राहतं.’’

‘‘मग तुमचं शास्त्र काय कामाचं?’’

मॅडमनं चष्मा परत चढवला आणि वही मिटली.

घरी पोचल्या तेव्हा अजून ऊन होतं. धाकटी खिडकीशी बसून कुणाच्यातरी शर्टाला काज करत होती. मावशींनी चपलाही काढल्या नाहीत.

‘‘ते झाकण जड होतं का गं?’’

‘‘कुठलं?’’

‘‘घरातलं. तू पडलीस ते.’’

‘‘मी दीड वर्षाची होते. मला काय विचारतेस?’’

‘‘दादा ते दोन हातांनी उचलायचा. दात-ओठ खाऊन. हे मला आत्ता रस्त्यात आठवलं. आणि मी चार वर्षांची पोर, एका हातानं उचलते! रोज बघतेय ते, इतकी वर्षं बघतेय. एकदाही मनात आलं नाही की एका हातानं कसं?’’

धाकटीची सुई थांबली. नुसती थांबली असती तर मावशींना काही वाटलं नसतं. पण धाकटीनं ती सुई नीट कापडात टोचून ठेवली, शर्टाची घडी केली, बाजूला सारली. आपल्याला आता बोलावं लागणार हे ज्याला ठाऊक असतं, ते माणूस असं आवरतं.

‘‘कुणी सांगितलं तुला?’’ धाकटी म्हणाली.

मावशी चपलांसकट खुर्चीवर बसल्या.

‘‘तुला माहीत होतं.’’

‘‘आईनं सांगितलं. शेवटी दवाखान्यात होती तेव्हा. म्हणाली, मोठीला सांगू नकोस, ती सोडून जाईल तुला.’’

‘‘आई गेली तेव्हा तो पुस्तकं बांधणारा...’’

‘‘हो.’’

‘‘त्यानं विचारलं होतं मला.’’

‘‘ठाऊक आहे, ताई. मी काय करायला हवं होतं? तुम्ही दोघं संसार मांडता, मी कोपऱ्यात? तुझ्या जागी असते तर मोठेपणा केला असता गं. पण मी माझ्या जागी होते. या पायावर.’’

‘‘आणि ‘झाकण लाव गं, ताई’? ते काय होतं?’’

धाकटीनं मान खाली घातली. म्हणाली, ‘‘सवय. आधीपासूनची होती. एकदम थांबवलं असतं तर तुला संशय आला असता.’’

मावशींना हसू फुटलं. ते हसू त्यांच्या त्यांनाच ऐकवेना.

‘‘आणि लाल फ्रॉक?’’

‘‘कसला लाल फ्रॉक? त्या दिवशीचा फ्रॉक आईकडे होता की ठेवलेला. पांढरा होता.’’

दादा रविवारी सकाळी आला. मावशींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की धाकटीच्या अंथरुणाची जागा करून मग निघ. त्यामुळं तो दारातूनच ओशाळलेलं तोंड घेऊन शिरला. केस पार पांढरे झालेले, हातात फळांची पिशवी. पिशवी कुठं ठेवावी हे त्याला कळेना. धाकटीची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. तिच्या काजा-बटणांचा डबा वर दोरीनं बांधलेला. धाकटी कॉटवर बसून होती, रडून झालेली.

‘‘त्या बाईंनी तुला सांगायला नको होतं,’’ दादा म्हणाला.

‘‘हे पहिलं वाक्य?’’ मावशी म्हणाल्या. ‘‘बस. चहा नाही केलेला.’’

तो बसला. ‘‘मला वाटलं, शास्त्राचं काम आहे, नाव फुटणार नाही. त्या म्हणाल्या, खरंच सांगा. म्हटलं, मरायच्या आत एकदा कुणाला तरी खरं सांगून टाकावं. तुझ्याचपुढं वाचतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.’’

‘‘कुणाला तरी. मला नाही.’’

‘‘तुला कुठल्या तोंडानं सांगणार?’’

‘‘याच. दुसरं आहे का?’’

धाकटीला मधेच हुंदका आला. दादानं पिशवी पायाशी ठेवली.

‘‘अण्णा तेव्हा कसे होते ते तुला आठवत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘हातात येईल ते फेकून मारायचे. त्या दिवशी जिन्यावरून वर आले तेव्हा मुठीत हातोडीच होती. विचारलं, कुणी उघडलं? मी भिंतीला चिकटलेला. आई मधे पडली आणि तुझं नाव घेतलं, ही दुपारीच परत आलीय म्हणाली; अण्णा दिवसभर खाली दुकानात, त्यांना काय ठाऊक? तुला तेवढ्यातच आत्यानं आणून सोडलं होतं आणि ती दारातूनच परतली होती, तू उंबऱ्यात उभी. अण्णांनी हात उचलला, तुझ्याकडे पाहिलं. केवढीशी होतीस तू. हात खाली आला. मग ते मटकन खालीच बसले. आई मला नंतर म्हणाली, लहानाला कोण काय बोलणार? चार दिवसांत विसरेल पोर.’’

‘‘विसरू दिलंत?’’

दादा वाकून पायाशी ठेवलेली पिशवी सरळ करू लागला.

‘‘आल्यागेल्याला सांगत होती ती. माझ्या डोक्यावर हात ठेवून. का?’’

‘‘अण्णांना पटत राहावं म्हणून,’’ दादा हळू म्हणाला. ‘‘पुढं पुढं मला वाटतं तिलाही तेच खरं वाटायला लागलं असावं.’’

‘‘नाही,’’ कॉटवरून धाकटी म्हणाली. ‘‘तिला पक्कं माहीत होतं.’’

खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज येत राहिला.

‘‘हिला मी नेतो,’’ शेवटी दादा म्हणाला. ‘‘बायकोशी बोललोय. ती... होईल तयार. पण इतकी वर्षं एकत्र काढलीत. आता तर तुझ्यावरचा बोल गेला. मोकळ्या मनानं राहा की दोघी.’’

‘‘मोकळ्या मनानं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दादा, मी हिची वेणी घातली, हिला न्हाऊ-माखू घातलं, हिचे जोडे बांधले. एकेक करताना मनात म्हणायचे, फिटतंय, थोडंथोडं फिटतंय. ते कुणाचं फेडत होते मी? तुझं. आणि ही बघत होती. माया होती का नव्हती माझी हिच्यावर, तेही आता मला सांगता येत नाही. ते पण तुम्ही घेऊन गेलात.’’

धाकटीनं आखूड पाय कॉटखाली ओढून घेतला.

‘‘मला एक सांग,’’ मावशी दादाला म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी साधा झाला होता, कार्डं वाटताना असायचा तसा. ‘‘त्या दिवशी मी काय करत होते?’’

‘‘आत्याकडे होतीस म्हटलं ना.’’

‘‘ते ठिकाण झालं. करत काय होते? इकडे ही पडत होती तेव्हा मी कुठं होते? अंगणात? झोपले होते? काल दिवसभर बसले आठवत. आत्याचं दारही दिसत नाही. नुसतं काळं. जे घडलं नाही त्यातला भुस्सासुद्धा दिसतो, आणि जे घडलं ते कोरं! तो दिवस होता ना माझा? चांगला असेल. लाड झाले असतील. कुठंय तो?’’

‘‘मी तिथं नव्हतो गं. मी कसं सांगू?’’

‘‘मग रचून सांग.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय? येतं तुम्हाला. घराण्यातच आहे. एक जन्मभर पुरलं, तसं आणखी एक दे. बरंसं दे या खेपेला.’’

‘‘अगं, असं काय बोलतेस...’’

‘‘सांग म्हणते ना!’’

दादानं धाकटीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. घसा खाकरला. चाचरतच सुरू केलं, वर्गात उभं केलेल्या पोरासारखं. ‘‘आत्याकडे... परसात एक झोका होता. दोरीचा. तू त्यावर बसायचीस. आत्याला शिवणकाम असायचं, ती तिथंच खुर्ची टाकून बसायची आणि पायानं तुला झोका द्यायची. हातानं शिवण, पायानं झोका. तुझ्या हातात... काय असेल... भाजलेलं कणीस. तू दाणे काढून एकेक खायचीस. आणि आत्या म्हणायची—’’

‘‘काय म्हणायची?’’

‘‘म्हणायची, धर नीट, पडशील.’’

मावशींचे डोळे मिटले होते. कपाळावर हलकीशी आठी पडली. मान किंचित मागं गेली, पुढं आली.

मग त्यांनी डोळे उघडले आणि दादाच्या तोंडापुढं हात धरला.

‘‘पुरे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दिसायला लागलं.’’

त्यांनी भिंतीशी ठेवलेली धाकटीची बॅग उचलली आणि पुढं होऊन जिना उतरायला लागल्या.